हार्ड डिस्कच्या हेडचं लॅपिंग: कुठे थांबायचं हे जॉबलाच विचारायचं

सातरस्ता (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. माझं छोटं युनिट सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. कामं बहुतेक लॅपिंगची, म्हणजे बारीक कणांनी घासून पृष्ठभाग अचूक मापाला आणायची: पंपाच्या सीलचे फेस, व्हॉल्व्ह प्लेट, अधूनमधून गेज. सध्या हार्ड डिस्कचं हेड (डिस्कवर लिहिणारा-वाचणारा भाग) कसं बनतं याचं वाचन चाललंय, आणि त्यातल्या लॅपिंगच्या भागाने मला झपाटून टाकलंय. इथे टूलरूमवाले आहेत, इलेक्ट्रॉनिक्सवाले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपली पद्धत. बिडाची लॅप प्लेट, तिच्यावर कंडिशनिंग रिंगा, रिंगांत जॉब (ज्यावर काम करायचं तो भाग), वर वजन आणि थेंबथेंब पडणारी डायमंडची स्लरी (बारीक कण मिसळलेलं द्रव). ठरावीक वेळ फिरवायचं, जॉब उचलायचा, धुवायचा, पुसायचा आणि सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली ऑप्टिकल फ्लॅट (अगदी सपाट काच) ठेवून पट्टे बघायचे. एक पट्टा म्हणजे सोडियमच्या ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निम्मं, ०.२९५ मायक्रॉन. पट्टे सरळ आले की फेस सपाट. पण सपाटपणा वेगळा आणि जाडी वेगळी. माल किती निघाला हे जॉब उचलून कंपॅरेटरखाली (नमुन्याशी तुलना करून माप दाखवणाऱ्या उपकरणाखाली) धरल्याशिवाय कळत नाही. उचलला की गार होईपर्यंत थांबा, मोजा, परत चढवा. घासणं चालू असतं तेव्हा आपण घड्याळाच्या आणि हाताच्या भरवशावर असतो.

हेडच्या कारखान्यात हा भरवसा कामाचा नाही. ॲल्युमिना आणि टायटॅनियम कार्बाइड मिसळून केलेल्या कडक सिरॅमिकचा वेफर, म्हणजे पातळ चकती, असते. तिच्यावर थरावर थर चढवून हजारो हेड एकदम बनवतात. मग वेफरच्या पट्ट्या कापतात. एका पट्टीत, म्हणजे बारमध्ये, डझनावारी हेड रांगेत असतात. कापलेली कड हीच पुढे डिस्कवर तरंगणारी बाजू. सेन्सरची (वाचणाऱ्या भागाची) रुंदी लिथोग्राफीने, म्हणजे प्रकाशाने आकार छापून, ठरते, जाडी थर चढवताना ठरते. उंची, म्हणजे कडेपासून आत जाणारं माप, मात्र वेफरवर ठरतच नाही. ही कड घासत न्यायची आणि सेन्सरची पट्टी हवी तेवढी उरली की थांबायचं. लिहिणाऱ्या पोलचा (चुंबकीय टोकाचा) जो भाग कडेपासून आत जातो, त्याची लांबीही याच घासण्यात ठरते.

आयबीएमने १९७९ मध्ये ३३७० या ड्राइव्हमध्ये थिन फिल्म हेड आणलं, १९९१ च्या सुमारास मॅग्नेटोरेझिस्टिव्ह सेन्सर (चुंबकक्षेत्राने ज्याचा रेझिस्टन्स बदलतो असा) आला, १९९७ मध्ये त्याचाच जास्त तीक्ष्ण प्रकार जीएमआर आला (ज्या शोधासाठी फेर आणि ग्रुनबर्ग यांना २००७ चं नोबेल मिळालं). दर पिढीला सेन्सरची पट्टी बुटकी होत गेली. आज ती काही दहा नॅनोमीटरच्या घरात आहे आणि चूक चालते ती मोजक्या नॅनोमीटरची. पट्टी उंच राहिली तर सिग्नल कमकुवत, जास्त घासली गेली तर सेन्सर अस्थिर आणि हेड बाद.

मग मोजतात कसं? वेफरवर हेड बनवतानाच प्रत्येक बारमध्ये ठिकठिकाणी धातूच्या पातळ थराचे छोटे रेझिस्टर बनवून ठेवतात. त्यांना इलेक्ट्रॉनिक लॅपिंग गाइड, ईएलजी म्हणतात. हेडबरोबर तेही घासले जातात. घासल्यावर त्यांची उंची कमी होते, रेझिस्टन्स वाढतो. त्यांना तारा जोडून घासणं चालू असतानाच आकडा वाचत राहायचं.

हिशेब सोपा आहे. रेझिस्टन्स = स्थिरांक ÷ उंची. समजा स्थिरांक २०० धरला, उंची मायक्रॉनमध्ये. १ मायक्रॉनला २०० ओहम, अर्ध्या मायक्रॉनला ४००. आता बघा: १.०० वरून ०.९९ वर आलो तर आकडा २०० वरून २०२ होतो. ०.५० वरून ०.४९ वर आलो तर ४०० वरून ४०८. निघालेला माल तेवढाच, १० नॅनोमीटर, पण आकडा चौपट हलला. म्हणजे शेवटाकडे जाताना, जिथे काळजी सगळ्यात जास्त घ्यायची, तिथेच हे मोजमाप जास्त तीक्ष्ण होतं. कंपॅरेटर काही शेवटी शेवटी बारीक होत नाही.

मला या सगळ्यात सगळ्यात मोठी वाटते ती एवढीच गोष्ट: माप घेणारा जॉबच्या बाहेर नाही, जॉबमध्ये आहे. प्रत्यक्ष काम केलेलं कोणी इथे असेल तर ऐकायची फार इच्छा आहे.


होटगीरोड (रविवार, रात्री १०.१५)

धागा आवडला, वाचनखूण साठवली. एक विचारतो. एका बारमध्ये इतके हेड, मग एका टोकाला आकडा ४०० आणि दुसऱ्या टोकाला ३८० आला तर थांबायचं कुणाचं ऐकून?


नवीपेठ (सोमवार, सकाळी ७.३०)

सातरस्ता, पहाटे वाचलं आणि कामाला जाण्याआधी लिहायला बसलो. मी थायलंडमध्ये हेडच्या एका कारखान्यात लॅपिंगलाच प्रोसेस इंजिनिअर होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, काम सांगतो.

होटगीरोड यांचा प्रश्न म्हणजेच आमचं रोजचं काम. बार काही सेंटीमीटर लांब आणि मिलिमीटरच्या अंशाएवढा बारीक. वेफरमधून कापला की आतला ताण मोकळा होतो आणि तो वाकतो. होल्डरला चिकटवताना अजून वाकतो. हा वाक मायक्रॉनमध्ये असतो आणि आपल्याला उंची नॅनोमीटरमध्ये हवी. सरळ प्लेटवर ठेवून घासला तर मधले हेड खलास आणि टोकाचे हेड अजून उंचच, किंवा त्याच्या उलट.

म्हणून होल्डरच्या मागे लांबीभर दाबणारे हात असतात. ईएलजीचे आकडे मशीन सेकंदासेकंदाला वाचतं, त्यावरून कुठे किती उंची उरली याची वक्ररेषा काढतं, आणि जिथे उंची जास्त तिथला हात जास्त दाबतं. प्रेस्टनने १९२७ मध्ये काचेच्या पॉलिशिंगवरून मांडलेला नियम तुम्हाला ठाऊक असेलच: माल निघण्याचा वेग दाब आणि गती यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात. गती सगळ्या बारला जवळजवळ सारखीच. उरतो दाब.

अडचण अशी की एका ठिकाणी दाबलं की शेजारचाही भाग खाली जातो. हातांची संख्या ईएलजीपेक्षा कमी. त्यामुळे कुठला हात किती दाबल्यावर बारचा आकार कसा बदलतो हे आधी मोजून त्याचा तक्ता ठेवावा लागतो आणि मशीन त्या तक्त्यावरून उलटं गणित करतं. होल्डर बदलला, चिकटवायची पद्धत बदलली की तक्ता जुना झाला. नवीन इंजिनिअर मशीनला दोष देत बसतो, आणि जुना ऑपरेटर आधी होल्डर उलटा करून बघतो.

आता थांबायचं कधी. कमी घासलेला हेड अजून घासता येतो, जास्त घासलेला परत आणता येत नाही. त्यामुळे नियंत्रण दोन्ही बाजूंना सारखं ठेवून चालत नाही. सुरुवातीला वाक काढायचा, मगच सरासरी खाली न्यायची. वाक असतानाच लक्ष्याजवळ पोचलात तर दुरुस्तीला मालच उरत नाही. माझ्या मते लॅपिंगमधली निम्मी वाया जाणारी हेडं या क्रमाच्या घाईत जातात.

दुसरी गोष्ट, आकडा कधी स्थिर नसतो. ओल्या, फिरत्या प्लेटवर मोजमाप चाललेलं असतं, तो थरथरतो. सरासरी घेतली की थरथर जाते, पण उशीर येतो. समजा सेकंदाला १० नॅनोमीटर निघतायत आणि दोन सेकंदांची सरासरी घेतली, तर दिसणारा आकडा एक सेकंद जुना, म्हणजे घासणं १० नॅनोमीटर पुढे गेलेलं. उपाय एकच: शेवटाकडे दाब आणि प्लेटची गती दोन्ही उतरवत न्यायची.


रेडिओकाका (सोमवार, दुपारी १.०५)

मी लॅपिंगवाला नाही, पण हेडवर हयात गेली. टेपरेकॉर्डर आणि स्पूल मशीन दुरुस्त करायचो. टेप चालून चालून हेडच्या तोंडावर खोबण पडते, आवाजातली धार जाते. चांगलं हेड असेल तर बारीक कागदावर, पाण्याखाली, तोंड परत गोलाईत आणायचो. पण किती आयुष्य उरलंय हे डोळ्याला कळत नाही, कारण गॅपची (तोंडावरच्या बारीक फटीची) खोली आत असते.

ती कळायची इंडक्टन्सवरून. हेड झिजलं की गॅपची खोली कमी होते, चुंबकीय वाटेचा अडसर वाढतो, इंडक्टन्स उतरतो. नवीन हेडचा आकडा माहीत असला की मीटर लावून सांगता यायचं की हे अजून घासून चालेल की बदलावं लागेल. सातरस्ता म्हणतात तेच, माप आतून घ्यायचं. फरक एवढा की आम्हाला ते हेडच सांगायचं, तिथे साक्षीला वेगळा रेझिस्टर बसवलाय.


सातरस्ता (सोमवार, दुपारी २.२०)

काका, हे फार मोलाचं सांगितलंत. नवीपेठ, तुमचा 'आधी वाक, मग सरासरी' हा क्रम मी युनिटमध्ये फळ्यावर लिहिला.


चिंचोळीकर (सोमवार, रात्री ८.५०)

थोडा विरोध नोंदवतो, राग नसावा. आमच्याकडे शाफ्टच्या जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ग्राइंडिंगला इन-प्रोसेस गेज कित्येक वर्षांपासून आहे. गेजची दोन बोटं जर्नलला लागलेली असतात, व्हील चालू असतं, साइज आला की व्हील मागे. चालू कामात मोजणं ग्राइंडिंगवाल्यांना नवीन नाही. सोलापुरात पोरंसुद्धा रोज करतात.

आणि खरा प्रश्न पुढे आहे. ईएलजी म्हणजे सेन्सर नव्हे. ईएलजीचा आकडा बरोबर आला म्हणून शेजारच्या सेन्सरची उंची बरोबर आली, हे कशावरून? आमचं बोट निदान त्याच जर्नलला लागलेलं असतं.


नवीपेठ (सोमवार, रात्री ११.१०)

चिंचोळीकर, राग कसला? हाच प्रश्न आम्हाला वेफरवाल्यांना विचारावा लागायचा.

पहिल्या मुद्द्यावर: जर्नलला दोन बाजू आहेत, बोटं धरायला जागा आहे. सेन्सरच्या उंचीचं एक टोक घासल्या जाणाऱ्या कडेवर आणि दुसरं टोक थरांच्या आत गाडलेलं. धरणार कुठे? म्हणून साक्षीदार आतच ठेवावा लागतो.

दुसऱ्या मुद्द्यावर तुम्ही शंभर टक्के बरोबर. ईएलजीची मागची कड आणि सेन्सरची मागची कड वेफरवर एका रेषेत असतील तरच हिशेब जुळतो. दोन्ही एकाच मास्कने (आकार छापायच्या साच्याने), एकाच वेळी कोरल्या तर फरक कमी येतो. वेगवेगळ्या पायऱ्यांत केल्या तर जो सरक येतो तो सरळ उंचीत उतरतो, आणि लॅपिंगचं मशीन कितीही चांगलं असलं तरी त्याला तो दिसत नाही. तो वेफरवर मोजून लॅपिंगच्या लक्ष्यात आधीच मिळवावा लागतो. तारांचा आणि जोडणीचा रेझिस्टन्सही आकड्यात मिसळलेला असतो. तो वेगळा काढायला वेगवेगळ्या मापाचे ईएलजी ठेवतात.

अजून एक, याने माझी झोप उडवलेली आहे. वाचणारा सेन्सर आणि लिहिणारा पोल वेगवेगळ्या थरांत असतात, मध्ये काही मायक्रॉनचं अंतर. बार प्लेटवर किंचित तिरका बसला तर सेन्सरची उंची अचूक येते आणि पोलची चुकते. एकाच थरातले ईएलजी पाहून हे कधीच कळणार नाही. म्हणून सेन्सरच्या थरात एक आणि पोलच्या थरात एक असे दोन साक्षीदार ठेवायचे आणि त्यांच्या फरकावरून बारचा तिरकेपणा सुधारायचा. एकाला बरोबर करायला गेलं की दुसरा हलतो. इथे घाई केली की दोन्ही जातात.


पूर्वभाग (मंगळवार, सकाळी १०.००)

आमच्या घरात यंत्रमाग, म्हणून विचारतो. ताण्यातला धागा तुटला की त्याच्यावरची पिन खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. तिथे धागा किती ताणला हे कुणी मोजत नाही, तुटला की नाही एवढंच. हेडमध्ये असं करता येणार नाही का?


नवीपेठ (मंगळवार, दुपारी १.३०)

करतात. पूर्वभाग, तुम्ही बरोबर जागी आलात. ठरावीक उंचीवर घासला जाऊन तुटेल असा पातळ वाहक दुवा ठेवायचा. तुटला की सर्किट उघडलं, म्हणजे त्या उंचीला पोचलो. वेगवेगळ्या उंचीवर असे अनेक दुवे ठेवले की पायऱ्यापायऱ्यांनी खूण मिळत जाते. थराची जाडी कमीजास्त असली किंवा तापमान बदललं तरी याला फरक पडत नाही, तुटणं म्हणजे तुटणं. पण दोन पायऱ्यांच्या मध्ये काय चाललंय ते अंधारात. म्हणून सलग वाचणारा ईएलजी आणि त्याला मधूनमधून ताळ्यावर आणणारे दुवे अशी जोडी चांगली.


तिसरं_वर्ष_मेक (मंगळवार, रात्री ९.१५)

सातरस्ता दादा, नवीपेठ सर, मी इथेच इंजिनिअरिंगला आहे. तापमानाचा उल्लेख आला म्हणून विचारते. धातूचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो. घासताना तर बार तापणारच. मग मशीनला वाटेल की उंची कमी झाली. एसी लावून हे सुटतं का?


सातरस्ता (मंगळवार, रात्री १०.३०)

ताई, नेमकं धरलंत. आकड्यात बघू. समजा थराचा रेझिस्टन्स एका अंशाला ०.२ टक्के वाढतो आणि बार ५ अंश तापला. एक टक्का वाढ झाली. लक्ष्य अर्धा मायक्रॉन असेल तर मशीन ५ नॅनोमीटर आधीच थांबेल. चालणारी चूकच तेवढी असेल तर सगळी त्यातच गेली.

एसीने खोलीचं तापमान सांभाळलं जातं. उष्णता तयार होते बार आणि प्लेट जिथे घासतात तिथे. उपाय सुंदर आहे: त्याच थरातला एक रेझिस्टर कडेपासून आत, कधीच घासला जाणार नाही अशा जागी ठेवायचा. तोही तेवढाच तापतो. घासल्या जाणाऱ्याचा आकडा भागिले न घासल्या जाणाऱ्याचा आकडा. तापमान छेदात-अंशात कटतं, वेफरवर थराची जाडी कमीजास्त असेल तर तीही बरीचशी कटते.

आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये चाळीसच्या वर पारा असतो. १०० मिलिमीटरचा पोलादी गेज २० अंशांवरून ४० वर गेला की साधारण २३ मायक्रॉन वाढतो. तरी कंपॅरेटर चालतो, कारण मास्टर (तुलनेचा नमुना) आणि जॉब दोघेही एकाच टेबलावर, एकाच तापमानाला ठेवलेले असतात. तत्त्व तेच.


होटगीरोड (बुधवार, सकाळी ९.४०)

२०११ च्या शेवटी थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले तेव्हा हार्ड डिस्कचे भाव जगभर चढले होते, आठवतं का? माझं तेव्हा कॉम्प्युटरचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला पटवता पटवता नाकी नऊ आले. आज कळतंय की बुडालं ते नुसतं जोडणीचं शेड नव्हतं, असलं कौशल्य होतं.

बरं, उंची बरोबर आली की हेड झालं का?


नवीपेठ (बुधवार, रात्री ८.२०)

नाही. इथून वेगळंच दुखणं सुरू होतं. कडेवर सिरॅमिक, ॲल्युमिना आणि मऊ चुंबकीय धातू शेजारीशेजारी असतात. मोकळी स्लरी वापरली की डायमंडचे कण गडगडत जातात आणि मऊ धातू जास्त खातात. धातू आजूबाजूच्या सिरॅमिकपेक्षा आत जातो. हेड आज डिस्कपासून एक-दोन नॅनोमीटरवर काम करतं. धातू तेवढाच आत गेला तर हेड जणू दुप्पट अंतरावर गेलं.

म्हणून शेवटचा हात कथलाच्या मऊ प्लेटवर, तिच्यात बारीक डायमंड आधीच दाबून बसवलेला, आणि मोकळे कण नाहीत. दाब अगदी हलका. पाण्याऐवजी तेलाच्या जातीचं वंगण, कारण हे धातू पाण्याने गंजतात. कण प्लेटमध्ये घट्ट बसले असले की कडक-मऊ सगळं जवळजवळ एका पातळीत कापलं जातं.

तरी एक भीती उरते. मऊ धातू कडेवर ओढला जाऊन लिंपला जातो. आजच्या सेन्सरमध्ये दोन चुंबकीय थरांमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचा जेमतेम नॅनोमीटरभर जाडीचा थर असतो. लिंपलेला धातू तो ओलांडून गेला की सेन्सर शॉर्ट. सूक्ष्मदर्शकात बघितलं की कडेवर घासण्याच्या दिशेने ओढलेली शेपटी दिसते. ती आयन बीमने हलक्या हाताने काढावी लागते, आणि त्यातही उंची किंचित कमी होते. तो हिशेबही लक्ष्यात आधी धरलेला असतो.


चिंचोळीकर (गुरुवार, सकाळी ८.००)

मानलं. आता सातरस्ता, यातलं अक्कलकोट रोडवर काय आणता येईल ते सांगा. सीलच्या फेसमध्ये रेझिस्टर कोण बसवणार?


सातरस्ता (गुरुवार, रात्री ९.३०)

रेझिस्टर नाही बसवता येणार. पण जॉबलाच विचारायचं हे आणता येतं, आणि त्याला लागणारं यंत्र बऱ्याच सराफांकडे असतं: एक मिलिग्रॅम दाखवणारा तराजू.

फेसचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटीमीटर धरा (मधलं भोक आणि खाचा वजा करून). पोलादाची घनता ७.८. एक मायक्रॉन माल निघाला की वजन ७.८ मिलिग्रॅमने उतरतं. म्हणजे तराजूचा एक मिलिग्रॅम ०.१३ मायक्रॉन दाखवतो. आमचा कंपॅरेटर इतकं खात्रीने सांगत नाही. शिवाय जॉब पूर्ण गार होईपर्यंत मापासाठी थांबायला नको. हाताला कोमट लागत नाही इतपत झाला की पुरे, नाहीतर तापलेल्या हवेने तराजूचा आकडा चढउतार करतो.

अट एकच, जॉब स्वच्छ आणि कोरडा पाहिजे. त्याच फेसवर तेलाची मायक्रॉनभर फिल्म राहिली तर तीच मिलिग्रॅमच्या आसपास भरते. भोकात, चँफरमध्ये (तिरक्या कापलेल्या कडेत) अडकलेली पेस्ट तर जास्तच घात करते.


चिंचोळीकर (गुरुवार, रात्री १०.१०)

वजन सरासरी सांगेल. तिरकेपणा सांगणार नाही.


सातरस्ता (गुरुवार, रात्री १०.४५)

बरोबर, त्यासाठी कंपॅरेटरवर तीन ठिकाणी माप घ्यायचंच. पण ते सुरुवातीला, माल शिल्लक असताना. नवीपेठ यांचाच क्रम: तिरकेपणा आधी काढा, मग तराजूवर सरासरी खाली न्या.

करायचं असं. थोडा वेळ लॅप करा, वजन घ्या, परत थोडा वेळ, परत वजन. त्यावरून मिनिटाला किती माल निघतो ते कळतं आणि उरलेला वेळ काढता येतो. फक्त वेग नेहमी शेवटच्या दोन वजनांमधला धरा, पहिल्या दोन वजनांतला नको. डायमंडचे कण मोडत, बोथट होत जातात तसा वेग उतरत जातो आणि पहिल्या वेगाने काढलेला वेळ कमी पडतो. स्लरी नव्याने टाकलीत तर मात्र उलटं होतं, वेग एकदम चढतो. त्यामुळे शेवटच्या फेरीत नवी स्लरी टाकायची नाही, आणि टाकावीच लागली तर मध्ये एक जास्तीचं वजन घ्यायचं.